परीक्षेच्या सकाळी दुखणारं पोट

माझ्या सातवीतल्या भाचीचं पोट घटक चाचणीच्या दिवशी सकाळीच दुखतं. आजी मीठ-मोहरी ओवाळून टाकते. वडील म्हणतात, "नाटकं आहेत सगळी." मला दोघांचंही पटत नाही, कारण तिचं पोट खरंच दुखत असतं.

संकटाची चाहूल लागली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो. ते मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला जागं करतं आणि पचनसंस्थेलाही हलवतं. जठर सावकाश रिकामं होऊ लागतं, मोठं आतडं मात्र घाईला येतं. म्हणून घास उतरत नाही आणि शौचाला पळावं लागतं.

पीयूषिकेतून निघालेलं एसीटीएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं, आणि तिथून रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. इथवरचं पुस्तकात सापडतं. मला वेड लावतं ते पुढचं: हे सगळं थांबतं कसं? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की त्याच्याच दाबाने ते उघडतात. कॉर्टिसॉलही तसंच मेंदूत परत जाऊन स्वतःची आवक रोखतं. तिथे, विशेषतः आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात, त्याचे दोन प्रकारचे ग्राही, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, असतात. मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहीची कॉर्टिसॉलवरची पकड दुसऱ्याच्या सुमारे 10 पट घट्ट, त्यामुळे एरवीच्या जुजबी पातळीतही तो बहुतेक भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही एरवी बराचसा रिकामा. पातळी चढली की तो भरतो, पेशीच्या केंद्रकात शिरतो, जनुकांचं काम बदलतो, आणि सीआरएचची निर्मिती मंदावते.

त्यामुळे 'कॉर्टिसॉल धुऊन काढणाऱ्या' पावडरींच्या जाहिराती पाहिल्या की मला राग येतो. अ‍ॅडिसनच्या आजारात शरीर पुरेसं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही, आणि उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. कॉर्टिसॉल शत्रू नव्हे. ते वेळेवर उतरलं पाहिजे, एवढंच.

आणि नेमकं हे उतरणं वयाप्रमाणे बदलतं. वयात न आलेल्या उंदरांना अर्धा तास जखडून ठेवलं, तर त्यांचं ताणाचं संप्रेरक मूळ पातळीला यायला प्रौढ उंदरांपेक्षा पाऊण ते एक तास जास्त लागतो. उंदरांचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लावू नये. पण मुलांवरचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनर आणि सहकाऱ्यांनी 9-10 आणि 15-16 वर्षांच्या मुलांना अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. भाषणाच्या तयारीला काहींच्या सोबत आई किंवा वडील होते, काहींच्या सोबत परकी व्यक्ती. 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक सोबत असलेल्या लहान मुलांचं कॉर्टिसॉल चढलंच नाही. मोठ्यांचं मात्र पालक सोबत असूनही चढलं.

म्हणजे लहानपणी आईबाबांच्या नुसत्या सोबतीने मिळणारं कवच वयात येताना पातळ होतं. मूल तेच, घर तेच, पण कालपर्यंत लागू पडणारा उपाय आज पुरत नाही, आणि याचा दोष ना मुलाचा, ना पालकांचा.

भाची 12 वर्षांची आहे, त्या दोन वयोगटांच्या मधोमध. मीठ-मोहरीचा तिला उपयोग शून्य. ओवाळून झाल्यावर आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसते, त्याचा मात्र अजून होत असावा.