शिकाऊ उमेदवार: कारखान्यातून कचेरीत

मोठ्या बँकेत किंवा कंपनीत वर्षभरासाठी ‘अप्रेंटिस’ म्हणून रुजू होणारा पदवीधर ज्या करारावर सही करतो, तो ज्या कायद्याखाली येतो त्याचे मराठी नाव ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ असे आहे. ‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ आशा धरून असलेला असा आहे. निवडणुकीशी आज तो घट्ट जोडला गेला असला, तरी मराठीत त्याला कचेरीचाही जुना वास आहे. ओळखीच्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी बसायचे, नकला करून अक्षर वळवायचे, हिशेबाची रीत उचलायची आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, याला उमेदवारी करणे म्हणत. शिकणे आणि वाट पाहणे ही दोन्ही त्या एका शब्दात सामावलेली होती. पुढे कायद्याने पहिल्याची व्यवस्था लावली आणि दुसरे जवळजवळ होते तसेच राहू दिले.

एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत पायरीपायरीने चढत जाण्याची लेखी पद्धत या किनाऱ्यावर ईस्ट इंडिया कंपनीने आणली. तिच्या संचालकांनी १६७५ च्या सुमारास काढलेल्या हुकुमानुसार अप्रेंटिसाने सात वर्षे काढायची, त्यांतील शेवटच्या दोन वर्षांसाठी त्याला सालिना १० पौंड मिळायचे, मग एक वर्ष ‘रायटर’ म्हणून काम करून तो ‘फॅक्टर’, म्हणजे कंपनीचा व्यापारी गुमास्ता, व्हायचा. रायटर म्हणजे लेखनिकच. सुरत आणि मुंबईच्या वखारींतील पत्रव्यवहाराच्या प्रती निरनिराळ्या जहाजांतून लंडनला धाडाव्या लागत, कारण एखादे जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचला पाहिजे असे. त्यामुळे नकला उतरवणे हेच नवशिक्याचे मुख्य शिक्षण होते. ही शिडी अर्थातच इंग्रजांसाठी होती. त्याच कचेऱ्यांत राबणाऱ्या एतद्देशीय कारकुनांसाठी अशी कोणतीही पायरी आखलेली नव्हती. मुंबईचे इंग्रज त्या कारकुनांना सरसकट ‘परवो’ म्हणत, कारण त्यांत प्रभू ज्ञातीची मंडळी पुष्कळ होती. एका जातीचे नाव एका पेशाला चिकटले, यावरूनच ते काम घराघरांतून कसे शिकले जात असेल याची कल्पना येते.

अप्रेंटिसांविषयीचा पहिला कायदा १८५० चा. त्याचा रोख कचेरीकडे मुळीच नव्हता. अनाथ आणि गरीब मुलांनी एखादा धंदा शिकून पोट भरावे, हा त्याचा हेतू होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांसाठी, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे नाही, अशा बोलीने मालकाकडे बांधून देता येत असे. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने उभे राहू लागले, कुशल हातांची निकड भासू लागली आणि १९६१ चा कायदा आला. तोही फिटर, टर्नर, वेल्डर यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. ठरवून दिलेल्या व्यवसायांच्या यादीत लघुलेखकासारखे एखादे कचेरीचे काम होते, पण ते अपवाद म्हणून. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आत आले, १९८६ च्या दुरुस्तीने व्यावसायिक शाखेतून बारावी झालेले आले. बी. ए. किंवा बी. कॉम. झालेल्याला मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आलेल्या या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदव्याही मान्य केल्या, कंपन्यांना स्वतःचे ‘ऐच्छिक व्यवसाय’ ठरवण्याची मुभा दिली आणि कायदा मोडणाऱ्या मालकासाठीची तुरुंगवासाची तरतूद काढून टाकून केवळ दंड ठेवला. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले.

कचेरी अशी मागच्या दाराने आत आल्याच्या खुणा नियमांत अजून दिसतात. पदवीधर उमेदवाराने रोजच्या कामाची नोंद ठेवावी असा नियम आहे, आणि ती नोंद ‘वर्कशॉप किंवा प्रयोगशाळेच्या वही’च्या स्वरूपात असावी असे तो सांगतो. लेथवर शिकणाऱ्याला या वहीत आकृती काढता येते, माप लिहिता येते, चुकलेला तुकडा दाखवता येतो. बँकेच्या शाखेत खातेदाराचे केवायसीचे कागद तपासणाऱ्या मुलीने तिथे काय लिहावे? सोमवारी कागद तपासले, मंगळवारी कागद तपासले. माझ्या मते कचेरीतल्या उमेदवारीची खरी अडचण विद्यावेतनापेक्षा इथे अधिक आहे. काम शिकवणे आणि काम करून घेणे यांतली रेघ कारखान्यात निदान अभ्यासक्रमाने ओढलेली असते. टेबलावर ती बहुधा वरिष्ठाच्या मर्जीने ओढली जाते.

पैशाची बाजू तुलनेने स्पष्ट आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले. केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेखाली, जिचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे, या किमान रकमेचा निम्मा भार, म्हणजे त्या दराने ४,५०० रुपये, सरकार उचलते. बँक ऑफ महाराष्ट्रने २०२४ मध्ये ६०० शिकाऊ उमेदवारांसाठी काढलेल्या जाहिरातीत विद्यावेतन नेमके ९,००० रुपयेच होते. स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६,१६० जागा काढल्या, त्यांना १५,००० रुपये देऊ केले आणि स्थानिक भाषेची चाचणीही ठेवली, कारण शाखेच्या काउंटरवर ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलावे लागते.

राहता राहिले वाट पाहणे. कायद्याचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कलम २२ नुसार करारात तशी अट नसेल, तर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते; २०१४ च्या दुरुस्तीपासून अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावे असे ते म्हणते. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळातील उमेदवारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आधीच्या तरतुदीत थोडी भर घातली होती. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या माणसापेक्षा प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. हे प्राधान्य भरती निघाली तरच उपयोगी पडते.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या कायद्याबाहेरची असली, तरी तिचा सांगाडा ओळखीचा आहे: बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, मुदत सुरुवातीला सहा महिने. खासगी उद्योगांबरोबरच सरकारी कार्यालयांतही हे प्रशिक्षणार्थी नेमले गेले. मुदत संपत आली तशी त्यांच्यातून मागणी पुढे आली ती कायम करण्याची.