खोडदच्या तबकड्यांना रेल्वेची अडचण का होते?

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून आखलेला मार्ग बदलायचं ठरलं आणि त्याचं कारण म्हणून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीचं नाव पुढे आलं. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: दुर्बीण बघणार आकाशात, रेल्वे धावणार जमिनीवर, मग तिला हिचा त्रास काय? जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडच्या लोकांची नाराजी मला समजते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या शेतकऱ्याला रेल्वे हवीच असणार. पण प्रश्नाचं उत्तर समजून न घेता दुर्बिणीला दोष देणं योग्य नाही.

खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभारली. तबकडीच्या खाली उभं राहून वर पाहिलं की आरपार आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नाही, स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीची आहे. जाळीचे चौकोन एक ते दोन सेंटीमीटरचे. पकडायच्या रेडिओलहरींची लांबी २१ सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही जाळी म्हणजे सलग आरसाच. वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला.

यातला २१ सेंटीमीटर हा आकडा माझ्या फार आवडीचा आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्पिन असतो, म्हणजे दोघेही अतिसूक्ष्म चुंबक असतात. दोघांचे स्पिन एकाच दिशेने असले तर अणूची ऊर्जा किंचित जास्त असते. ते एकमेकांच्या उलट झाले की ऊर्जेतला फरक रेडिओलहरीच्या रूपात बाहेर पडतो: लांबी २१ सेंटीमीटर, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ. एखाद्या अणूच्या बाबतीत हे घडायला सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. पण दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, अणू इतके असतात की लहरी अखंड येत राहतात. डच खगोलशास्त्रज्ञ व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये अमेरिकेतल्या ईवेन आणि पर्सेल यांनी ही लहर प्रत्यक्ष पकडली. तारे ज्या वायूपासून बनतात, त्याचा हिशेब ठेवायचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

जगभरच्या देशांनी मिळून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा खगोलशास्त्रासाठी राखून ठेवला आहे. मग अडचण कसली? अडचण विश्वाच्या प्रसरणाची. लहर प्रवासात असताना अवकाश ताणलं जातं आणि तिच्याबरोबर लहरही ताणली जाते. लहर जितकी जुनी, तितकी लांब आणि तितकी कमी वारंवारतेची. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर आज ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचते, आणि त्याच आसपास मोबाइल कंपन्यांचा फाइव्ह-जीचा पट्टा आहे! एका दीर्घिकेचा हायड्रोजन तर जीएमआरटीने ६२० मेगाहर्ट्झजवळ टिपला. २१ सेंटीमीटरची लहर ताणून ४८ सेंटीमीटरची झाली होती. म्हणजे विश्वाचा जुना इतिहास नेमका राखीव पट्ट्याच्या बाहेर पडतो. तिथे कायदा उपयोगाचा नाही, शांत जागाच लागते.

हे संकेत किती क्षीण असतात? चंद्रावर नेहमीचा मोबाइल चालू करून ठेवला, तर मोजके प्रखर स्रोत सोडता रेडिओ-आकाशातलं बाकी सगळं त्याच्यापुढे फिकं पडेल. (जन्मवेळी गुरूचे किरण बाळावर पडतात म्हणणाऱ्यांनी प्रसूतिगृहातल्या मोबाइलचाही विचार करावा. गुरूच्या रेडिओलहरींपेक्षा तो अब्जावधी पटींनी प्रबळ असतो.) एकेका दूरच्या दीर्घिकेचा हायड्रोजन सहसा गोंगाटात बुडालेलाच असतो. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेला, गोंगाट अशा सरासरीत दीर्घिकांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे सुमारे ८७ पट. संकेत मात्र टिकून राहतो. त्यातून कळलं की आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिका ज्या वेगाने तारे बनवत होत्या, त्या वेगाने त्यांच्याजवळचा हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. पुढे ताऱ्यांची निर्मिती का मंदावली, याचा धागा इथे हाती लागतो.

सगळी मेख 'यादृच्छिक' या अटीत आहे. माणसाने केलेला गोंगाट यादृच्छिक नसतो, त्यामुळे सरासरीत तो तसा विरत नाही. फिल्टर का लावत नाहीत, असं विचारलं जातं. ठरावीक वारंवारतेच्या प्रसारणाला फिल्टर चालतो, ठिणगीला नाही. विजेवरच्या इंजिनाचा पँटोग्राफ (छतावरचा, वीज घेणारा सांगाडा) तारेवरून घासत जाताना ठिणग्या उडतात आणि ठिणगीची लहर एकाच वेळी असंख्य वारंवारतांवर पसरते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्ट्झने पहिल्यांदा रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. तबकडीचं तोंड वर असलं तरी कडेने येणाऱ्या लहरीही तिच्यात थोड्या शिरतात, आणि आकाशातून येणाऱ्या संकेतापुढे हे 'थोडं'ही प्रचंड असतं. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ फक्त डिझेल गाड्या नेता येतात, कारण पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो.

जीएमआरटीवर १५० मेगाहर्ट्झजवळ पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजन शोधताना शास्त्रज्ञांना असाच गोंगाट नडला. वेगवेगळ्या तबकड्यांपर्यंत तो किती वेळेच्या फरकाने पोचतो, यावरून त्यांनी त्याची जागा हुडकली आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सुटी तार लोंबत होती, कुठे ट्रान्सफॉर्मर ठिणग्या सोडत होता. हे स्रोत एका जागी होते, म्हणून सापडले. रेल्वेच्या ठिणग्या मात्र जागा बदलत राहिल्या असत्या: तिचा नियोजित वेग ताशी २०० किलोमीटर होता.