लीळाचरित्र रिद्धपुरात लिहिलं गेलं, मग छापायला साडेसहाशे वर्षं का लागली?

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ होणार असं २०२३ मध्ये जाहीर झालं, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांना आधी नकाशा काढावा लागला. जिल्हा अमरावती, तालुका मोर्शी, आजूबाजूला संत्र्याच्या बागा. विद्यापीठ शहरातच शोभतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी याला राजकारण म्हटलं. राजकारण असेलही, पण गाव काही चिठ्ठी टाकून निवडलेलं नाही: महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणारा जुना मराठी गद्यग्रंथ, लीळाचरित्र, इथेच लिहिला गेला.

तेराव्या शतकात इथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत होते. गावाच्या तोंडी ते राऊळ, वेडसर वाटणारे आणि तरी गावाची माय आणि बाप. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांची माणसं रिद्धपुरात राऊळांजवळ येऊन राहिली. त्यांत नागदेवाचार्य म्हणजे भटोबास होते, महदाइसा होती आणि गोदावरीकाठचा म्हाइंभट हा पंडितही होता. चक्रधर डोळ्यांआड झाले, आता आठवणीही हळूहळू विरणार, हे म्हाइंभटाने ओळखलं. वाजेश्वरीच्या देवळात बसून तो भटोबासांना विचारी, ते सांगत आणि हा लिहून घेई. परंपरा याचा काळ शके १२००, म्हणजे १२७८ मानते.

नुसतं ऐकून लिहिलं असतं तर तो भक्तिग्रंथच झाला असता. म्हाइंभट त्याच्यापुढे गेला. जो प्रसंग ज्याच्या देखत घडला त्याला गाठून त्याने पडताळून घेतलं. हकिकत कुठे घडली ते गावाच्या नावासकट नोंदवलं. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर पुढच्या परंपरेने कुणाची ‘वासना’ (आठवणीतला पाठ) काय आणि कुणाचा ‘शोध’ (चौकशीअंती ठरवलेला पाठ) काय, हे नावानिशी शेजारी लिहून ठेवलं. बातमीदारीचं शिक्षण घेणाऱ्या पोरांना हे ग्रंथाच्या पहिल्या पाठासारखं शिकवायला हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भाषाही बोलण्यातलीच, वाक्यं आखूड. पुढे केशवराज व्यास संस्कृतात लिहू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना अडवलं: माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या नागवल्या जातील.

पुढच्याच पिढीत खिलजींच्या स्वाऱ्या आल्या. पंथात त्यांना खालशाची धाड म्हणतात. त्या पळापळीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसा नावाच्या बाईची स्मरणशक्ती यात सगळ्यात कामी आली, असं सांगतात. म्हणून लीळाचरित्राची एकच संहिता नाही, निरनिराळे पाठ आहेत.

यानंतर काळ आला नकलांचा. बोरू, काजळात डिंक घोटून केलेली शाई, जाड हातकागद. शब्दांत जागा न सोडता ओळ भरत जायची, चुकलं तिथे पिवळी हरताळ फासायची आणि ती वाळली की वरून पुन्हा लिहायचं. नक्कल करणं हे पंथात पुण्याचं काम. पण चौदाव्या शतकात यात एक नवीन गोष्ट शिरली. रवळोबासांनी सकळ लिपी काढली. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण येते, त्यामुळे किल्ली नसलेल्याला पानभर गोंधळच दिसतो. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. शत्रूपासून ग्रंथ वाचवायला हे केलं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये, आपल्या पाठात कुणी भेसळ करू नये, हीही धास्ती त्यामागे असणार. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहिलेला ग्रंथ शेवटी दीक्षा न घेतलेल्या म्हातारीलाही वाचता येईना.

पोथ्या मात्र टिकल्या आणि फिरल्यासुद्धा. पंथाचे मठ पंजाबात होते, तिथून पुढे थेट काबूलपर्यंत. त्या भागातले भक्त मराठी पोथ्या सांभाळत राहिले. इकडे महाराष्ट्रातल्या वाङ्मयेतिहासाला त्याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही महंतांनी लिप्यांची किल्ली संशोधकांना दिली, आणि वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभावांना जागा मिळाली.

पुढचं काम विदर्भानेच केलं, याचा मला अभिमान आहे. यवतमाळात य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये निघालं. नागपुरात ह. ना. नेने यांनी १९३६-३७ पासून लीळाचरित्र भागाभागांनी छापायला घेतलं. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते. कोलत्यांनी म्हाइंभटाचंच दुसरं पुस्तक, गोविंदप्रभूंचं चरित्र, १९४४ मध्ये संपादित केलं. ते निघालं मलकापुरातून, अरुण प्रकाशनातर्फे. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगसाठी ओळखलं जाणारं हे तालुक्याचं गाव, आणि तिथून तेराव्या शतकातलं मराठी गद्य छापून बाहेर पडतंय. चक्रधरांच्या वावराची गावं आणि देवळं दिशांसकट टिपणारी ‘स्थानपोथी’ही तिथूनच आली. कोलते १९६६ मध्ये नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण पोथ्यांचा नाद काही सुटला नाही. त्यांचं संपादित लीळाचरित्र १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलं.

त्यावर पंथातल्या पुष्कळांनी आक्षेप घेतला. कुठला पाठ प्रमाण मानायचा, आणि पूजेतल्या पोथीवर टीपा कुणी लिहायच्या, हा वाद बराच काळ धुमसत राहिला. पोथीत न सोडलेली शब्दांतली जागा नव्याने पाडायची म्हटलं की अर्थ बदलतो, तेव्हा संपादकावर कुणी ना कुणी नाराज होणारच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा लीळाचरित्राचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आलं. पहिल्यांदाच वाचायला घेणाऱ्याला मी थेट लीळाचरित्र देत नाही, आधी गोविंदप्रभूंचं चरित्र देतो. त्यातल्या लीळा, म्हणजे प्रसंग, छोट्या आहेत आणि बहुतेक रिद्धपुरातल्याच. राऊळ कुणाच्याही घरात शिरतात, जात न बघता जेवतात, बाजारात खेळतात, लोक चिडतात आणि पुन्हा त्यांच्याकडेच गाऱ्हाणं घेऊन जातात. वऱ्हाडातल्या वाचकाला त्यासाठी शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही.