शटर स्लो ठेवला की पोर्ट्रेट बिघडतोच?

"पोर्ट्रेट काढताना शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, चेहरा हलणारच" असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय (शटर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणारा पडदा, १/१२५ म्हणजे तो सेकंदाचा १२५वा भाग उघडा राहतो, आणि 'खाली' म्हणजे त्याहून जास्त वेळ). हातात कॅमेरा धरून काढायचं तर सल्ला बरोबरच आहे, म्हणून तो टिकलाय पण.

पण शटर उघडं असताना जे हलतं तेवढंच पुसट होतं, बाकीचं नाही. पटत नसेल तर करून बघा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, शटर १/४ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर, समोरच्याला डोकं भिंतीला टेकवून स्थिर बसायला सांगा आणि फक्त हात किंवा ओढणी हलवायला लावा. चेहरा बऱ्यापैकी शार्प, ओढणी मात्र धुरासारखी वाहताना दिसेल. पाचसात फोटो काढा, एखाद्यात मान हलतेच.

उजेड जास्त असेल तर फोटो पांढरा पडतो, मग आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/१६ म्हणजे अगदी बारीक, तरी नाही भागलं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळपट काच.

आणि माणूस नाचत असेल तर? तिथे फ्लॅश, तोही रिअर कर्टनवर, म्हणजे शटर बंद होण्याच्या अगदी आधी उडणारा. फ्लॅशचा झोत इतका क्षणभर असतो की चेहरा तिथेच गोठतो, आणि हालचालीची रेघ त्याच्या मागे राहते (अंधारी खोली असली तर जास्त छान). लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही, ते फक्त आपला हात सावरतं.