मूलग्रंथिका

शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) वनस्पतींच्या मुळांवर विशिष्ट जिवाणूंच्या प्रवेशामुळे तयार होणाऱ्या गाठी. या गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजनापासून अमोनिया बनवतात व तो वनस्पतीला मिळतो. मोबदल्यात वनस्पती त्यांना मॅलेटसारखी कार्बनी अम्ले पुरवते. तूर, हरभरा, मूग, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवर त्या सहज दिसतात. चिंच व बहावा याच कुलातले असूनही त्यांना गाठी येत नाहीत.

गाठींची चित्रे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्चेल्लो मालपीगी यांनी काढली होती, पण त्यांचे कार्य कळायला पुढे दोन शतके लागली. झां बातीस्त बूसँगो यांना १८३८ च्या सुमारास वाळूत वाढवलेल्या क्लोव्हर व वाटाण्यात नायट्रोजन वाढलेला आढळला, गव्हात मात्र नाही. पुढे अधिक काटेकोर प्रयोगांत ही वाढ दिसेना. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट व प्यू यांनी १८५७-५८ मध्ये तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत, काचेच्या आवरणाखाली रोपे वाढवली. त्यांचाही निष्कर्ष नकारार्थीच आला. हे प्रयोग चुकीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या जिवाणूंवर सारे अवलंबून होते, तेच उष्णतेने मेले होते. हेर्मान हेलरीगेल व हेर्मान विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये जर्मनीतील बेर्नबुर्ख येथील प्रयोगांतून कोडे सोडवले. नायट्रेट न दिलेल्या निर्जंतुक वाळूत वाटाणा खुरटत असे. तीत शेतातील मातीचा थोडा पाण्यातील अर्क घातला की गाठी येऊन रोप जोमाने वाढे. अर्क उकळून घातला तर परिणाम होत नसे. १८८८ मध्ये मार्टिनस बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळा केला. शोधाचे श्रेय कधी बायरिंक यांना दिले जाते. कार्यकारण मात्र त्याआधीच सिद्ध झाले होते.

मुळे फ्लॅव्होनॉइड द्रव्ये स्रवतात. ती ओळखून जिवाणू ‘नॉड घटक’ हे संकेतद्रव्य सोडतो. त्यामुळे मूलरोम (मुळावरील केसासारखा तंतू) वाकडा होतो, त्यातून संसर्गतंतू (जिवाणूंना आत नेणारी बारीक नळी) आत शिरतो आणि मुळाच्या बाह्यकातील (सालीखालच्या थरातील) पेशी विभागू लागतात. भुईमुगात मात्र प्रवेश मूलरोमातून होत नाही, तर उपमुळे फुटताना पडलेल्या फटींतून होतो. नायट्रोजनापासून अमोनिया बनवणारे नायट्रोजिनेज एंझाइम ऑक्सिजनने निकामी होते, पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. ही अडचण लेगहीमोग्लोबिन दूर करते : ते ऑक्सिजन बांधून ठेवते व बेताबेताने पुरवते. हे रक्तातील हीमोग्लोबिनासारखे द्रव्य आहे. म्हणून कार्यक्षम गाठ नखाने चिरली की आत गुलाबी दिसते. पांढरी वा हिरवट गाठ बहुधा निरुपयोगी असते.

या सहजीवनाच्या उगमाविषयी एकमत नाही. गाठी धरणाऱ्या वनस्पती सपुष्प वनस्पतींच्या चारच गणांत आढळतात. कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरूही त्यांत येतो, पण त्याच्या गाठीत फ्रँकिया हा वेगळा जिवाणू असतो. ही क्षमता अनेकदा स्वतंत्रपणे निर्माण झाली, असे पूर्वी मानीत. २०१८ मधील जनुकीय तुलनांनुसार ती एकाच पूर्वजात, कदाचित सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, आली व पुढे अनेक शाखांत लोपली. हे मत अधिक संभाव्य वाटते. मात्र पुरावा आजच्या जनुकांवरून काढलेला आहे, जीवाश्मांवरून नव्हे.

पिकानुसार जिवाणू बदलतो. हरभऱ्याचे संवर्धक (बियाण्याला लावायचे जिवाणूंचे तयार मिश्रण) सोयाबीनला चालत नाही. महाराष्ट्रात साधारणतः १० किग्रॅ. बियाण्याला २५० ग्रॅ. संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, संवर्धक शेवटी. नंतर बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात.