तोंड कोरडं म्हणजे दरवेळी उष्णता नाही हो!

ठाण्यात उन्हाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, तोंड कोरडं पडतंय म्हणजे अंगात उष्णता, सब्जा प्या. सब्जा खुशाल प्या, पण महिनोन्महिने पोळीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतंय, तर तो शोग्रेन नावाचा आजार असू शकतो, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते (1933 मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरने यावर प्रबंध लिहिला).

यात आपल्याच पांढऱ्या पेशी लाळग्रंथीत ठाण मांडतात, इंटरफेरॉनचे, म्हणजे एरवी विषाणू आल्यावर सुटणारे धोक्याचे सिग्नल सुटतात, त्याने बाफ नावाचं प्रोटीन वाढतं, त्यावर बी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) पोसतात, आपल्याच शरीराविरुद्ध अँटीबॉडी बनवतात आणि सूज चालूच. आणि ग्रंथी पूर्ण खराब न होताही लाळ आटू शकते, कारण नसेकडून आलेला ‘लाळ सोड’ हा निरोप पेशीत कॅल्शियममार्फत पोचतो, तोच बिघडतो. पिलोकार्पिनची गोळी तोच निरोप जोरात देते, पण दमा असेल तर मनाने घेऊ नका.

पेशंट बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, म्हणून घरचे ‘पाळी जायचं वय, होतंच’ म्हणतात, डोकंच फिरतं! काही ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या गोळ्यांनीही तोंड सुकतं, ते आधी बघा, मग संधिवाताच्या डॉक्टरांकडे, अँटी-रो टेस्ट (रक्तात अशी अँटीबॉडी आहे का ते बघणारी), गरज पडली तर ओठाच्या आतली छोटी बायोप्सी.