वेशभूषा आणि कपडेपट: शेजारची, पण वेगळी कामे

नाटकाच्या श्रेयनामावलीत ‘वेशभूषा’ आणि ‘कपडेपट’ हे शब्द लागोपाठ येतात आणि नवी मुले दोन्हींचा अर्थ एकच धरतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर उतरणाऱ्या आमच्यासारख्या हौशी संस्थांत माणसे मोजकी असल्यामुळे दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात पडतात, त्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो.

वेशभूषाकाराचे काम संहितेच्या वाचनापासून सुरू होते, कारण पात्राचे वय, ऐपत आणि रोजचे कष्ट कपड्यांतून कसे दिसावेत, हे त्याला ठरवायचे असते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत राबणारी बाई उभी करायची असेल, तर ड्रेपरीच्या दुकानातून आणलेली कोरी साडी चालत नाही. साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा जुना शर्ट हवा आणि त्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळपट डाग हवेत, जे कितीही घासले तरी निघत नाहीत. लाल कापड निळ्या प्रकाशात काळे पडते, म्हणून प्रकाशयोजनाकाराशीही त्याला आधीच बोलून घ्यावे लागते. १९८३ मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, ते याच कामासाठी.

कपडेपट सांभाळणाऱ्याचे काम रंगीत तालमीपासून अंगावर येते आणि शेवटच्या प्रयोगापर्यंत सुटत नाही. प्रवेशांच्या क्रमाने कपडे लावणे, यादीशी ताडून पाहणे, विंगेत अंधारात कपडे बदलून देणे, तुटलेला हूक शिवणे आणि प्रयोगानंतर सगळे वाळवून मगच पेटीत भरणे, हा त्याचा दिनक्रम असतो. जळगावच्या उन्हाळ्यात दोन अंकांत कपडे घामाने चिंब होतात. घामेजल्या कपड्यावर इस्त्री फिरवली की डाग कायमचा बसतो आणि ओले जरीचे कापड तसेच घडी करून ठेवले तर काळवंडते, हे मी माझ्या हातून एक शेला खराब झाल्यावर शिकलो.

दोन्ही कामांची सीमा मला कपडेपट सांभाळताना एका बाराबंदीने, म्हणजे नाड्यांनी बांधायच्या जुन्या पद्धतीच्या अंगरख्याने, दाखवली. प्रवेशबदलाला मिनिटभरही नव्हते, नाडीला निरगाठ बसली आणि नट अर्धवट बांधलेल्या बाराबंदीनिशी प्रवेशाला गेला. पुढच्या प्रयोगाला मी आतून वेल्क्रो शिवला आणि नाड्या वरून नुसत्या दिसण्यापुरत्या बांधून ठेवल्या. बाराबंदी हवी की नको, हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता. ती वेळेत अंगावर चढेल, ही जबाबदारी मात्र माझीच होती. वेल्क्रो लावण्यापूर्वी वेशभूषाकाराला विचारले, कारण पहिल्या रांगेतून वेल्क्रो दिसला असता तर वेशभूषाकाराचा सगळा विचार फुकट गेला असता.

म्हणून या विभागात येऊ पाहणाऱ्याला मी आधी तो केळीवालीचा शर्ट हातात देतो. त्यावरचा घामाचा डाग प्रत्येक प्रयोगानंतर धुऊन काढायचा असतो आणि चिकाचा डाग शेवटच्या प्रयोगापर्यंत जसाच्या तसा ठेवायचा असतो.